वेशीच्या पोटातली चप्पल

आबा, आपल्याच हातानं चुना कालवून, दगड भरून उभी केलेली वेस, आणि तिच्यातनं आत शिरताना पायातल्या चपला काढून काखेत मारायच्या, ह्याला काय म्हणायचं ते आधी सांगा मला. बाकीची ख्यालीखुशाली मागनं. तुम्ही गेलात त्याला एवढी वर्षं झाली, आई पण गेली, मी गाव सोडून, देश सोडून इथं साउथहॅम्प्टनला येऊन म्हातारी व्हायला लागले, तरी ही एक गोष्ट माझ्या घशातनं खाली उतरत नाही. त्या पावसाळ्यात वेशीची उजवी बाजू ढासळली, ग्रामपंचायतीनं बाहेरगावचा गवंडी आणला आणि त्याच्या हाताखाली तुम्हाला लावलं. बाहेरचा घडीव दगड त्यानं लावायचा आणि आतलं पोट तुम्ही भरायचं, गोटे, विटांचे तुकडे, चुना, जे मिळंल ते. चुन्यानं तुमचे हात फुटले होते. बोटं मिटायची नाहीत म्हणून आई तुम्हाला घास भरवायची आणि तुम्ही लाजून भिंतीकडं तोंड करून खायचात. आणि काम संपलं, नारळ फुटला, दुसऱ्या दिवशी तुम्ही दळण घेऊन निघालात, वेशीपाशी आलात, वाकलात, चपला काढल्यात आणि मान खाली घालून आत गेलात. चुना अजून ओला होता, आबा. आपली वस्ती वेशीबाहेर, मान्य. तुमच्या बापानं, आज्यानं काढल्या असतील, त्यांच्यावर काठी उगारणारे होते. तुमच्यावर कोण होतं? पारावर बसलेल्यांपैकी कुणी तोंड उघडलं नव्हतं. घरात बुद्धाची तसबीर, विहारात पंचशील म्हणायला सगळ्यांच्या पुढं तुम्ही, आणि वेशीत चपला काखेत. गेल्या आठवड्यात धाकट्याचा फोन आला, म्हणाला, अक्का, उसाच्या ट्रॉल्या अडकतात म्हणून जुनी वेस पाडणार, गुरुवारी जेसीबी येणार, तिथं सिमेंटची मोठी कमान होणार. मी म्हटलं, बरं झालं, माझ्यातर्फे पण एक घण घाल. खरंच म्हटलं. आणि मग काल हे असं झालं.

काल काय झालं ते तुमच्या नातीमुळं झालं. ती लीड्सला नोकरीला असते, माझ्या वाढदिवसाला म्हणून आली आणि हातात फोन धरून माझ्यापुढं नाचवला. "आई, वॉकिंग टूर बुक केलाय. हिस्टॉरिक टाउन. जुनी घरं, जुने ट्रॅडिशन्स, सगळं दाखवतात. यू विल लव्ह इट." मी म्हटलं, चालायचं? म्हणाली, हो. मी म्हटलं, तिकीट काढून चालायचं? "आई, प्लीज." आता तुम्हीच सांगा, मी आठवडाभर हॉस्पिटलच्या किचनमधनं वॉर्डापर्यंत जेवणाच्या ट्रॉल्या ढकलते, घरी आले की टाचा गरम पाण्यात घालून बसते, आणि सुट्टीच्या दिवशी हिला मला चालवायचंय. पण पोरगी लांबनं आली होती. नवऱ्यानं डोळ्यानं खुणावलं, जा म्हणून. गेले. ट्रेनमध्ये तिनं मला गावाचा सगळा इतिहास फोनवर वाचून दाखवला, मी खिडकीतनं मेंढरं बघितली.

पिवळी छत्री धरलेली एक पांढऱ्या केसांची बाई पुढं आणि आम्ही आठ-दहा माणसं मागं. मास्तरीण असणार ती आधी, आवाज तसाच होता, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. दर दहा पावलांवर थांबायची. ही खिडकी बघा, ते छपरावरचं धुराडं बघा, हा दगडाचा क्रॉस, इथं लोणी विकायला बसायचे. बरं, बसायचे. आपल्या गावात पण बाजाराला बायका लोणी घेऊन बसायच्या, तिथं कुणी दगड पुरला नाही. मग एका घरापुढं थांबवलं. रस्त्यावर पुढं झुकलेलं घर, काळीकुट्ट लाकडं आणि मधे पांढरा गिलावा. एका कोपऱ्यातला गिलावा मुद्दाम काढून काच बसवली होती, आतलं दिसायला. बाई म्हणाली, काटक्या विणून त्यावर माती, पेंढा आणि गाईचं शेण लिंपलेलं आहे. सगळे "ओह" करून काचेला नाक लावायला लागले. तुमची नात पण. "आई बघ ना, किती क्यूट आहे हे घर!" मी म्हटलं, तुझ्या आजीचं घर असंच होतं, तिथं कुणी कधी ओह केलं नाही, पावसात कूड कोसळला तर उलट सगळे पळायचे. ती म्हणाली, "रिअली? फोटो आहे?" फोटो म्हणे. कुडाचे फोटो कोण काढतंय.

चिडचिड झाली होती माझी, खोटं कशाला बोलू. पण एका ठिकाणी ती विसरले. गावाच्या टोकाला जुनं धर्मादाय घर आहे, तिथल्या फाटकावर येणाऱ्या वाटसरूनं मागितलं की त्याला पावाचा तुकडा आणि पेलाभर बिअर द्यायची, अशी जुनी चाल, अजून पाळतात. आम्ही सगळे रांगेत उभे राहिलो. आतल्या माणसानं लाकडी ताटलीतनं पाव पुढं केला. मी दोन्ही हातांची ओंजळ केली, खाली, कमरेपाशी. त्याला कळेना टाकायचं कुठं. त्यानं माझा एक हात धरला, वर उचलला आणि तळव्यावर तुकडा ठेवला. बिअर नको म्हटलं, तर हसून म्हणाला, आणखी पाव घ्या मग. आई सणाला गावात मागायला गेली की मला बरोबर न्यायची, आणि भाकरी वरनं यायची, पदरात, हाताला हात न लागता. आई घरी आल्यावर ती भाकरी आधी झटकायची. धूळ नसली तरी झटकायची. तुम्ही ती कधी खाल्ली नाहीत एवढं मला आठवतंय. तुम्ही आपली शिळी खायचात. ते मला तेव्हा कळलं नव्हतं, मला वाटायचं तुम्हाला शिळंच आवडतं.

मग आलं गेट. गावाला पूर्वी चारी बाजूंनी भिंत होती, त्यातलं एक दार अजून उभं आहे. आबा, तुम्ही बघितलं असतं तर तुम्हाला पण तेच वाटलं असतं जे मला वाटलं. वेसच ती. तशीच कमान, तसाच आत शिरल्या शिरल्या गारवा, वर कोनाड्यात कुठला देव होता तो आता झिजून गेलेला. बाईनं छत्री वर केली आणि सांगायला लागली. संध्याकाळी घंटा झाली की दार बंद, बाहेरचा बाहेर आणि आतला आत, घंटा अजून वाजवतात. आणि कातडी कमावणारे, महारोगी, ज्यांच्या कामाला वास येतो ते सगळे भिंतीच्या बाहेर राहायचे, नदीच्या खालच्या अंगाला. असं म्हणून तिनं नाक चिमटीत धरलं. माणसं हसली. माझं डोकं सटकलं. मी लेकीला म्हटलं, विचार तिला, ते लोक दारातनं आत येताना पायातलं काढायचे का. लेक म्हणाली, "काय? का काढतील?" मी म्हटलं, तू विचार. तिनं मान खाली घालून विचारलं. बाईनं माझ्याकडं बघितलं, चांगल्या मनानं बघितलं, आणि म्हणाली, "काढायचे? अहो, सगळ्या गावाच्या बुटांचं कातडं तर तेच कमवायचे!" पुन्हा सगळे हसले. विनोदच झाला तो. एकजण तर मला म्हणाला, गुड क्वेश्चन. सगळे दारातनं आत गेले. मी जरा मागं राहिले, बुटाची लेस बांधायची आहे म्हणून लेकीला सांगितलं, आणि मग गेले.

दाराला लागून एक खोली आहे, तिथं गावातल्या जुन्या घरांत सापडलेल्या वस्तू मांडल्यात. खापरं, नाणी, मोडके चमचे. मला बूड टेकायला जागा हवी होती, बाकी काही नको होतं. तेवढ्यात बाई एका काचेपाशी गेली आणि म्हणाली, हे माझं सगळ्यात आवडतं. आत एक बूट. लहान पोराचा, एकच. काळा पडलेला, टाच झिजलेली, अंगठ्याच्या जागी भोक. म्हणाली, एका घराचं धुराडं दुरुस्त करताना भिंतीच्या आत सापडला. पडलेला नाही, ठेवलेला. असे कितीतरी सापडतात म्हणे ह्या देशात, बांधणाऱ्यानं भिंतीच्या पोटात घालून वरनं दगड लावलेले. बहुतेक करून एकच, जोडी नाही. बहुतेक करून वापरलेला, नवा नाही. आणि पुष्कळदा पोराचा. का ठेवायचे, कुणालाच माहीत नाही. कुणी म्हणतं दृष्ट लागू नये म्हणून, कुणी म्हणतं आपली काहीतरी खूण राहावी म्हणून. ज्यांनी ठेवले त्यांनी कुणाला सांगितलं नाही, एवढंच नक्की, ती म्हणाली.

"माझी चप्पल!" मी ओरडले. मराठीत, मोठ्यानं. सगळी खोली वळून बघायला लागली. लेकीनं माझा दंड धरला. "आई, व्हॉट? काय झालं? तुला बरं नाहीये का?" मला बरं नव्हतंच, आबा.

तुम्हाला आठवतंय का नाही कुणास ठाऊक. वेशीचं काम निघायच्या थोडं आधीच तुम्ही बाजारातनं माझ्यासाठी चपला आणल्यात. तांबड्या पट्ट्याच्या, टायरच्या तळाच्या. मी चौथीला होते. आपल्या वस्तीतल्या कुठल्या पोरीच्या पायात तेव्हा चपला होत्या? मी त्या निजताना उशाला घ्यायची. सगळ्या उन्हातानात वापरून वापरून मी त्यांची टाच झिजवली, आणि एक दिवस तुम्हाला भाकरी द्यायला आले ती तशीच, चपला फटफट वाजवत, सरळ वेशीतनं आत. तुम्ही वर परांचीवर होता, चुन्याचं घमेलं हातात. पारावरनं एक म्हातारा बोलला, "काय रं, लेकीला लई मोठी केलीस." एवढंच. हसून बोलला. तुम्ही खाली उतरलात. मला वाटलं त्याला काहीतरी बोलाल. तुम्ही माझ्यापुढं बसलात, माझ्या पायातल्या चपला काढल्यात, एक, मग दुसरी, पट्टा ओढून, आणि म्हणालात, "जा घरी. अनवाणी जा." माझ्याकडं बघितलं पण नाहीत. मी सगळा रस्ता रडत गेले. दगड टोचले म्हणून नाही. त्या दिवशी तुम्ही घरी आलात ते एकच चप्पल घेऊन. आईनं माझ्या पाठीत धपाटा घातला, "एक कुठं घातलीस? खाल्लीस काय?" मी म्हटलं, आबांकडं होत्या. आई तुमच्याकडं वळली. तुम्ही तांब्यानं तोंडावर पाणी मारत होता. म्हणालात, "राहू दे. गेली ती चांगल्या जागेला गेली असंल." मला वाटलं, विसरून आला कुठंतरी. मला वाटलं, म्हाताऱ्याला भिऊन फेकून दिली. चौथीनंतर माझी शाळा सुटली, लग्न झालं, पोरं झाली, आणि इतकी वर्षं मी तेच धरून बसले, की माझ्या बापानं माझी चप्पल पारावरच्या एका शब्दाला घाबरून फेकून दिली.

मग बाहेर चर्चच्या आवारात बाकावर बसून मी लेकीला सगळं सांगितलं. घरनं पोळीत बटाट्याची भाजी गुंडाळून नेली होती, ती हातातच राहिली. तिला मी तुमच्याबद्दल फारसं कधी सांगितलंच नव्हतं. काय सांगणार? तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण आजोबा चप्पल का काढायचे? तिथं बोर्ड होता का?" मी म्हटलं, बोर्ड नव्हता. "मग पोलीस?" पोलीस पण नव्हता. "मग?" मग काय, आबा? मग काय सांगू मी तिला? बोर्ड असता तर बरं झालं असतं, उपटून विहिरीत टाकला असता. ती म्हणाली, "ही चप्पल वॉलमध्ये असेल तर दॅट इज ह्यूज, आई. तू मामाला फोन कर. आत्ता कर."

केला. धाकटा तेव्हा जन्मला पण नव्हता, त्याला ही गोष्ट ठाऊकच नाही. सगळं सांगितलं तर म्हणाला, "अक्का, तिकडं थंडी फार आहे का?" मी म्हटलं, थट्टा नको. गुरुवारी जेसीबीनं ओरबाडून सगळं खाणीत नेऊन टाकतील. उजवी बाजू हातानं उतरवायला सांग. म्हणाला, "आणि काय सांगू, काय शोधतोय? वेशीला लागून मारुती आहे. तिथल्या भिंतीतनं आपल्या घरची चप्पल निघाली, तर कोण कसं घेईल सांगता येतं का? व्हिडिओ काढतील, ग्रुपवर टाकतील. माझी पोरगी ग्रामपंचायतीत क्लार्क आहे. सगळं नीट चाललंय आता." मी म्हटलं, नीट चाललंय ना, मग वेशीतनं चप्पल घालून जातोस ना? म्हणाला, "मी मोटरसायकलवरनं जातो, अक्का. पाय खाली लागतच नाही." मला त्याला हाणावासा वाटला फोनमधनं. मग तोच म्हणाला, "आणि नाही निघाली तर? हसतील ते वेगळंच. तुझं काय, तू फोन ठेवशील, मला त्याच रस्त्यानं जायचंय. ठेकेदार ओळखीचा आहे, म्हणशील तर बोलतो, नाही असं नाही. तू मोठी आहेस, तू ठरव. पण बुधवारी मला सांग. आणि मग नंतर मला बोल लावायचा नाही."

म्हणजे आता सगळं माझ्या गळ्यात. तुम्ही ठेवलीत का नाही ते तुम्हाला माहीत, आणि भिंत फोडायची का नाही ते ठरवायचं मी. कालपासनं मी हाच विचार करतेय. असली, तर तुम्ही जन्मभर त्या वेशीत वाकलात तेव्हा मनात हसत होता. पारावरचे सगळे, त्यांच्या वराती, त्यांचे बैल, त्यांच्या देवाची पालखी, सगळं माझ्या टायरच्या चपलेशेजारनं जात होतं आणि तुम्ही मान खाली घालून हसत होता. मग मला का सांगितलं नाहीत? एक शब्द. माझ्या कानात. मी कुणाला बोलले नसते. मी लग्न होऊन निघाले तेव्हा त्याच वेशीतनं गाडी गेली, तुम्ही गाडीबरोबर चालत होता, अनवाणी, तेव्हा तरी सांगायचं. मी वाकलेल्या माणसाची पोरगी म्हणून वाढले हो. आणि नसली, भिंत उतरवली आणि आत नुसते गोटे निघाले, तर मग तुम्ही नुसतेच वाकलात, आणि माझी चप्पल कुठल्या तरी बांधाला पडून कुत्र्यानं नेली. धाकट्याची लाज जाईल ती वेगळी. म्हणून भीती वाटते. मी कशाला भीत नाही, किचनमधल्या मॅनेजरला पण नाही, पण ह्याला भिते.

हे लिहून होईल आणि मी ते मसाल्याच्या डब्यामागं सारून ठेवीन. टपालात टाकायला तुमचा पत्ता कुठं आहे. कुणाला वाचून दाखवणार नाही, लेकीला तर मुळीच नाही, कारण तिला खोटं सांगितलंय. गेटपाशी मी लेस बांधत नव्हते. माझ्या बुटाला लेस नाहीच, तिनं बघितलं नाही म्हणून बरं. बाईनं नाक धरलं, माणसं हसली, पुढं ती कमान, आणि माझी डावी टाच आपोआप बुटातनं बाहेर आली होती. मला कुणी सांगितलं नव्हतं, आबा. बोर्ड नव्हता. थंड फरशी मोज्यातनं लागली तेव्हा मला कळलं. पाय परत आत कोंबायला मला वेळ लागला.

तर आता गप्प बसून चालायचं नाही. कावळा-बिवळा पाठवू नका, आपल्यात ते चालत नाही. स्वप्नात या नाहीतर कसंही या, मी कामाला निघायच्या आत या. गोष्ट सांगू नका, तोंडावर पाणी मारत पाठ फिरवू नका. ठेवलीत की नाही ठेवलीत, एवढंच. मंगळवार संध्याकाळपर्यंत मला उत्तर पाहिजे. बुधवारी मी धाकट्याला फोन करणार आहे, तुमचं उत्तर आलं तरी आणि नाही आलं तरी.